दीपस्तंभाचा खर्च कोणी सोसायचा?

मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यावर वचक बसावा म्हणून शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये अलिबागनजीक थळसमोरील खांदेरी बेटावर दुर्ग बांधावयास घेतला. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपस्तंभ उभारला. दिव्याभोवतीची भिंगे प्रकाश एकवटून क्षितिजाकडे फेकतात. प्रत्येक दीपस्तंभाच्या लुकलुकण्याची लय ठरलेली असते आणि तीवरून खलाशी आपले स्थान ओळखतो.

परंतु हा प्रकाश पैसे देणाऱ्यास दिसतो, तसाच न देणाऱ्यासही. म्हणूनच अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दीपस्तंभ हे सार्वजनिक वस्तूचे ठरलेले उदाहरण होते. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, इंग्लंडात हा खर्च दीर्घकाळ जहाजांकडूनच, बंदरांत, वसूल होत असे. आपल्याकडील १९२७ च्या दीपगृह कायद्याचे सूत्रही तेच: टनभारानुसार दीपशुल्क आकारावयाचे आणि ते भरल्याखेरीज जहाजास बंदर सोडू द्यावयाचे नाही. २०२१ च्या नव्या कायद्याने नाव बदलले, शुल्क राहिले. प्रकाश अडवता येत नाही. जहाज अडवता येते.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरापासून समुद्र दूर आहे. तरीही तेथील रसेल मार्केटात समुद्रमार्गे आलेला खजूर घेणारा वाचक या खर्चाचा अल्पसा वाटा उचलतोच. उपग्रहांच्या युगात दीपस्तंभ कशाला, असा प्रश्न होतो. उपकरण दगा देते त्या रात्री डोळ्यांना दिसणारी खूणच उरते. तिची तरतूद मात्र आधीच करून ठेवावी लागते.