वाहन हस्तांतरण (भारत)

नोंदणी झालेल्या मोटार वाहनाचा मालक बदलल्यावर तो बदल प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या (आरटीओ) दप्तरी लावून घेण्याची प्रक्रिया. बोलीत ‘गाडी नावावर करणे’. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० मध्ये तिची तरतूद आहे.

विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची संमती, तर ती परराज्यात जाणार असल्यास मूळ कार्यालयाची एनओसी लागते. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांत कळवावे. त्याला तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत नाव बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो.

व्यवहारात मात्र पैसे मिळाले, किल्ली दिली की सौदा संपला असे मानतात. सह्या केलेले कोरे फॉर्म दलालाकडे पडून राहतात आणि आरसीवर जुनेच नाव राहते. यातला धोका विकणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतो. कलम २(३०) प्रमाणे सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे नोंद, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यातील गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदीत पहिलाच मालक होता. सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते.

विम्याचे दोन भाग वेगळे पाहावेत. तृतीय पक्ष विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १५७ नुसार मालकीबरोबर हे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, तरी पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी त्याने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप जात नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे राहिली, तर गाडी दुरुस्तीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र नियम आहेत. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना विक्रेत्यामार्फत आरटीओला दिली की पुढच्या विक्रीपर्यंत तोच मानीव मालक ठरतो.