कंपोस्ट-अर्क
कंपोस्ट-अर्क : पूर्णपणे कुजलेले कंपोस्ट खत पाण्यात भिजवून व गाळून मिळविलेला तपकिरी द्रव. इंग्रजी भाषिक देशांत त्याला ‘कंपोस्ट टी’ म्हणतात. रासायनिक खतांवाचून राखावयाच्या शोभेच्या हिरवळींवर तो विशेषेकरून फवारतात.

कुजविलेल्या द्रवाने वनस्पतींचे पोषण करण्याची कल्पना प्राचीन आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेद (इ. स. सु. १०००) या ग्रंथात कुणपजलाची कृती आहे. प्राण्यांचे मांस, चरबी व मज्जा पाण्यात शिजवून, त्यात तिळाची पेंड, मध, भिजविलेले उडीद इ. घालून ते मिश्रण आंबवीत. अर्काचा मूळ पदार्थ जो कंपोस्ट, त्याच्या निर्मितीला शास्त्रीय शिस्त लावण्याचे महत्त्वाचे कार्य इंदूर येथे झाले. तेथील वनस्पति-उद्योग संस्थेत (स्थापना १९२४) ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी सु. तीन महिन्यांत खत तयार करणारी ‘इंदूर पद्धती’ सिद्ध केली व १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली.

अर्काकडे पाहण्याची दृष्टी १९८० नंतर बदलली. जर्मनीतील बॉन विद्यापीठात हाइनरिख व्हेल्टसीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पोषक म्हणून नव्हे, तर केवडा, भुरी यांसारख्या कवकजन्य रोगांवरील उपाय म्हणून तपासला. या पद्धतीत खत काही दिवस ते दोन आठवडे पाण्यात न ढवळता ठेवीत. १९९०–२००० या दशकात अमेरिकेत एलेन इंगम यांनी वातित अर्काचा पुरस्कार केला. यात क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात खताची पिशवी सोडून पंपाने सु. २४ ते ३६ तास हवा खेळवितात. सूक्ष्मजीवांना खाद्य म्हणून मळी घालतात आणि अर्क तयार होताच वापरतात. सूक्ष्मजंतू, कवके व आदिजीव यांची वाढ हा यामागील हेतू होय.

या दाव्यांना मिळालेला प्रायोगिक आधार मात्र विषम आहे. खताचा प्रकार व भिजविण्याचा काळ यांनुसार परिणाम बदलतात. एका घाण्याचा गुण दुसऱ्यात येईलच असे नाही. अर्कात नायट्रोजन अल्प असल्याने गवताची भूक केवळ त्यावर भागत नाही. शिवाय मळीमुळे मानवी रोगकारक जंतूही वाढू शकतात. म्हणून अमेरिकेतील सेंद्रिय मानकांसाठी नेमलेल्या कृतिगटाने २००४ मध्ये अशा अर्काच्या जंतुपरीक्षेचा आग्रह धरला.

हार्व्हर्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आपल्या जुन्या प्रांगणातील सु. एक एकर हिरवळीवर सेंद्रिय निगेचा प्रयोग केला. मुळे खोल गेल्याचे व पाण्याची बचत झाल्याचे त्यात दिसले; परंतु तेथे अर्काबरोबर कंपोस्टही जमिनीत घातले होते आणि रासायनिक द्रव्ये वर्ज्य केली होती. त्यामुळे यशाचे श्रेय एकट्या अर्कास देता येत नाही.

विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेले जीवामृत याच्याशी सदृश असले, तरी ते कंपोस्टपासून नव्हे, तर शेण, गोमूत्र, गूळ व डाळीचे पीठ यांपासून करतात. सारांश, अर्क हा चांगल्या कंपोस्टास पूरक ठरू शकतो. त्याची जागा तो घेऊ शकत नाही.