तांदळातील नाव आणि पासपोर्टातील नाव

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा गडकोट, लढाया आणि सनदा यांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही हे आम्ही आरंभीच सांगून टाकले. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या चाकरीत, फायली व विहित नमुने चाळण्यात गेले. तेव्हा ज्या इतिहासाने आमच्याच घरात येऊन काही काळ मोठी अस्वस्थता निर्माण केली, त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे ठरविले. हा इतिहास आहे विवाहानंतर बदलणाऱ्या स्त्रीच्या नावाचा, आणि विशेषतः ती पतीच्या मागोमाग परदेशी जाण्यास निघते तेव्हा त्या नावाचे काय होते, याचा. मंडळाच्या सभासदांत आज अशी घरे पुष्कळ आहेत, की ज्यांतील मुलगी वा सून सातासमुद्रापलीकडे नांदते आहे. विषय घरगुती असला तरी तो अप्रस्तुत ठरणार नाही, अशी आशा आहे.

आपल्याकडील चाल सर्वांस ठाऊक आहे. वधू माप ओलांडून घरात येते, लक्ष्मीपूजन होते, ताटात तांदूळ पसरतात आणि वर सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात वधूचे नवे नाव लिहितो. पेढे वाटले जातात, आणि कालपर्यंतची कुसुम आज माधवी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अन्य समाजांत विवाहाने बहुधा आडनाव तेवढे बदलते. आपल्या नावाचे भाग तीन : स्वतःचे नाव, पित्याचे नाव व आडनाव. विवाहानंतर पित्याच्या जागी पती येतो, आडनाव सासरचे येते, आणि जुन्या चालीप्रमाणे पहिले नावही नवे होते. म्हणजे माहेरचे एक अक्षरही शिल्लक राहत नाही. त्यातही गंमत अशी, की जी स्त्री उखाण्याखेरीज पतीचे नाव मुखाने उच्चारीत नसे, तिला पुढे बँकेत आणि कचेरीत प्रत्येक सहीबरोबर तेच नाव लिहावे लागले.

जोवर हे नाव घर, आळी आणि गाव यांच्यापुरते होते, तोवर तांदळात लिहिलेले पुरेसे होते. कागद कोणी मागत नव्हते. परदेशगमन केलेल्या मराठी स्त्रियांत अग्रगण्य अशा डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घ्यावे. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदी झाली. माहेर व सासर दोहोंकडचे आडनाव जोशीच असल्याने बदलले ते केवळ पहिले नाव. १८८३ साली ही अठरा वर्षांची तरुणी पतीवाचून एकटी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि १८८६ साली पदवीधर झाली. तिच्या प्रवासात जन्मदाखला आणि विवाहदाखला ताडून पाहणारा अधिकारी कोठेही आडवा आला नाही, कारण पासपोर्टाची सक्ती हीच मुळी पहिल्या महायुद्धाच्या काळातील गोष्ट. हिंदुस्थानात त्याविषयीचा कायदा १९२० साली झाला. १८८७ साली आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतील त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाई यांच्याकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिला स्थान मिळाले. तेथील शिळेवर आनंदीबाई जोशी हे नाव आहे. यमुनेचा मागमूस तेथे नाही.

पाश्चात्त्य देशांत याबाबत सर्व काही उदार होते, असा समज कोणी करून घेऊ नये. इंग्लंडच्या जुन्या विधीनुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर व्यक्तित्वच पतीच्या व्यक्तित्वात विलीन होई. आडनाव बदलणे ही त्याची केवळ बाह्य खूण. अमेरिकेत ल्यूसी स्टोन या बाईंनी १८५५ साली विवाह केला व स्वतःचेच नाव कायम ठेवले. पुढे १८७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात स्त्रियांना शालेय मंडळाच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला, तेव्हा पतीचे आडनाव लावल्याशिवाय मतदारयादीत नोंद होणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. बाईंनी मत सोडले, नाव सोडले नाही. १९२१ साली रूथ हेल या पत्रकार स्त्रीने स्वतःच्या नावाने पासपोर्ट मागितला, आणि 'ऊर्फ श्रीमती अमुक' असा शेरा असलेला पासपोर्ट नाकारून परदेशप्रवासावरच पाणी सोडले. विवाहित स्त्रीस माहेरच्या नावाचा पासपोर्ट अमेरिकेत प्रथम मिळाला तो १९२५ साली, डोरिस फ्लाइशमन यांना.

नावाची कथा ही, तर राष्ट्रीयत्वाची त्याहून कठोर. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या कायद्यात पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वास बांधलेले होते. अमेरिकेच्या १९०७ च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावून बसे. १९२२ च्या केबल कायद्याने यात सुधारणा झाली, तरी नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणारीस ती सवलत नव्हती. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांस अपात्र ठरविले आणि हा फास हिंदी माणसांच्या अमेरिकन पत्नींभोवती आवळला गेला. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना याच कारणावरून पासपोर्ट नाकारण्यात आला. आपण स्वदेशातच देशहीन झालो, ही कैफियत त्यांनी १९२६ साली 'नेशन' या नियतकालिकात मांडली. ती तरतूद १९३१ साली गेली. हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार मात्र १९४६ साली उघडले, तेही वर्षाकाठी शंभर माणसांपुरते. आज आपली मुले ज्या वाटेने जातात, ती वाट १९६५ च्या कायद्याने मोकळी झाली.

स्वतंत्र भारताने या बाबतीत प्रारंभापासून शहाणपण दाखविले, असे म्हटले पाहिजे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये विवाहाने आपोआप नागरिकत्व येत नाही वा जात नाही. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात वधूने आडनाव बदलावे असे एकही कलम नाही. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या आणि १९९३ साली भारताने मान्य केलेल्या स्त्रियांविषयीच्या करारात तर कुटुंबनाम निवडण्याचा पतिपत्नींचा समान अधिकार स्पष्ट नमूद आहे. आमच्या नोकरीत आम्ही कित्येक विवाहित सहकारी भगिनींचे नावबदलाचे अर्ज पुढे पाठविले. 'नियमानुसार बदलावे लागते' असेच त्या समजत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तसेच समजत होतो. नियम नव्हता, केवळ वहिवाट होती. वहिवाटीने नियमाचा अंगरखा घातला की तिला प्रश्न विचारण्याचे कोणास सुचत नाही.

२०२१ सालच्या डिसेंबरात आमच्या कन्येचा विवाह झाला. जावई अमेरिकेचे नागरिक. पत्नीस नेण्यासाठी त्यांनी विवाहानंतर तेथे रीतसर अर्ज दाखल केला, तो अर्थातच तिच्या त्या वेळच्या, म्हणजे माहेरच्या नावाने. हे काम वर्षभर चालते असे कळले. हाती वेळ होता, आणि ज्याने तीस वर्षे इतरांच्या फायलींतील त्रुटी काढल्या त्याला आपल्या मुलीचे कागद 'व्यवस्थित' करून देण्याची हौस होती. आमच्या मातोश्रींचाही हट्ट होता, की लेक सासरच्या नावाने बोटीत बसावी. विमानाला त्या बोटच म्हणतात. आम्ही खटपट करून कन्येचा पासपोर्ट नव्या नावाने करून घेतला : पतीचे नाव, सासरचे आडनाव, सारे काही.

परिणाम असा झाला, की जावयांचा अर्ज एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या नावाने, जन्मदाखला व पदवी पहिल्या नावाने आणि पोलिसांचा दाखला दुसऱ्या नावाने. त्यात आपल्याकडील विवाहनोंदणीच्या दाखल्यावर वधूचे विवाहापूर्वीचे नाव सामान्यतः असते. पुढे तिने कोणते नाव धारण केले, ते त्यावर नसते. अमेरिकेतील काही राज्यांत विवाहाच्या परवान्याच्या अर्जातच नवे नाव लिहिण्याची सोय आहे, त्यामुळे तेथे दाखला हाच पुरावा होतो. आपल्याकडे मात्र शपथपत्र, राजपत्र, वृत्तपत्रातील जाहिरात अशी साखळी जोडावी लागते. शिवाय परदेशी नमुन्यात पहिले, मधले व शेवटचे नाव असे तीन रकाने, तर आपल्या पासपोर्टात आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच. आपल्या मुलीच्या मधल्या नावी एका पुरुषाचे नाव का, आणि काल एकाचे होते ते आज दुसऱ्याचे कसे झाले, हे तिकडील माणसास सांगूनही चटकन उमगत नाही. आपल्या तमिळ शेजाऱ्यांची अडचण निराळी. आडनाव नसल्याने त्यांच्यापैकी कित्येकांच्या अमेरिकन व्हिशावर 'पहिले नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरे उमटतात.

दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे सिद्ध करण्यात आमच्या कन्येचे चार महिने गेले. जावई तिकडे, ती इकडे. एका रात्री नमुना भरताना तिने शांतपणे विचारले, "बाबा, मी नक्की कोण म्हणून जाऊ?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "निदान ती विचारते तरी. माझे नाव तांदळात लिहिले, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. मॅट्रिकच्या दाखल्यावरची मुलगी कोण, हे अजून मला कधी कधी आठवून पाहावे लागते." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आम्ही प्रथमच ऐकले. त्यांचे नाव तांदळात लिहिणारा हात आमचाच होता.

कन्या यथावकाश गेली. विवाहास दोन वर्षे पुरी होण्याआधी जी पत्नी तेथे पोहोचते, तिला प्रथम दोन वर्षांचेच सशर्त वास्तव्यपत्र मिळते. बनावट विवाहांस आळा घालण्यासाठी १९८६ साली ही तरतूद झाली. त्या मुदतीअखेर पुन्हा सर्व कागद, पुन्हा सर्व नावे. म्हणून अनुभवाने आलेले शहाणपण सांगून ठेवतो. नाव बदलावे की न बदलावे, हे मुलीने स्वतः ठरवावे, आणि पहिला अर्ज करण्यापूर्वी ठरवावे. एकदा प्रक्रिया सुरू झाली की ती पुरी होईपर्यंत एकच नाव सर्वत्र ठेवावे. नंतर बदलण्यास वाव असतो. अमेरिकेत तर नागरिकत्वाच्या अर्जातच तशी विनंती करता येते. उलट कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून विवाहामुळे नाव बदलत नाही, पत्नीने आपले जन्मनावच वापरावे असा तेथील कायदा आहे. तेव्हा जेथे जायचे तेथील रीत आधी पाहावी. आपल्या देशातही पासपोर्टासाठी विवाहदाखल्याची अट २०१६ च्या डिसेंबरात काढली गेली, आणि विवाहानंतर स्त्रियांनी पासपोर्टातील नाव बदलण्याची आवश्यकता नाही, असे पंतप्रधानांनी १३ एप्रिल २०१७ रोजी जाहीर केले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्यांच्या नावात पित्याच्या नावापूर्वी मातेचे नाव लिहिले जाते. तांदळाच्या ताटात जिचे नाव पुसले गेले, तिचे नाव शासनाच्या कागदावर परत येत आहे, हे लहान पाऊल नव्हे.

सासरचे नाव आनंदाने घेणाऱ्या मुलींना आम्ही कमी लेखत नाही. आमच्या कन्येने अखेरीस तेच नाव ठेवले, आणि 'आता ते माझे आहे' असे तिने फोनवर सांगितले. दिलेले नाव आणि घेतलेले नाव यांत अक्षरांचा फरक नसतो, तरीही फार मोठे अंतर असते, एवढेच आमचे म्हणणे.

हा लेख लिहिताना मंडळाच्या आरंभीच्या वर्षांची सभासदवही आम्ही पाहण्यास मागून घेतली. पानामागून पाने 'श्री. अमुक व सौ.' अशा नोंदी आहेत. 'सौ.' पुढे काही नाही. ज्यांनी पहिल्या गणेशोत्सवाचे मोदक केले, ग्रंथालयाची पुस्तके दुपारी घरोघर पोहोचविली, परप्रांतात मुलांच्या तोंडी मराठी टिकविली, त्यांची नावे आमच्या वहीत नाहीत. त्यांपैकी काही माउल्या आज हयात आहेत. संपादक मंडळास नम्र विनंती, की या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या शेवटी त्यांची यादी छापावी, आणि प्रत्येकीस विचारून छापावी : आपले नाव कसे लिहू? आमच्या सौभाग्यवतींना आम्ही विचारले आहे. त्यांनी दोन्ही नावे लिहून दिली आहेत, आणि माहेरचे आधी लिहिले आहे.