भुताच्या सिनेमात घाबरायचं कुणाला?

भुताचे सिनेमे मी शाळेत असल्यापासून बघतोय आणि भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. त्यामुळे दर काही दिवसांनी कुणीतरी विचारतंच, 'एकीकडे जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाजूने लिहिता आणि रात्री रामसेंचे सिनेमे बघता, हे कसं काय?' प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तरच लिहितो.

आपल्याकडचा भयपट सुरू झाला तो भूत नाकारतच. १९४९ चा 'महल' घ्या. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोहींचं दिग्दर्शन. पडका महाल, झोपाळा, मध्यरात्री दिसणारी मधुबाला. अशोककुमारला वाटतं हा मागच्या जन्मीचा आत्मा, आणि शेवटी निघते माळ्याची मुलगी! 'बीस साल बाद' (१९६२) मध्येही पैंजणांमागे माणूसच. 'वो कौन थी' (१९६४) मध्ये इस्टेटीसाठी रचलेला कट. पांढऱ्या साडीतली बाई धुक्यात चालत असते तोवर अंगावर काटा येतो, मग पोलीस येतात आणि सगळं उलगडतं. खरं सांगू? पुन्हा बघताना मला तो उलगडा जरा कंटाळवाणाच वाटतो.

मग आले रामसे. फत्तेचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' (१९७०) पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला लोक घाबरत होते, हे त्यांच्या पोरांनी हेरलं. सात भाऊ! कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी लेखन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. घरचाच कारखाना. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी खराखुरा सैतान होता, शेवटी कुणी पोलीस येऊन उलगडा करत नाही. गंमत बघा, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आलं १९७६ साली, आणि सामरीची चलती झाली ती त्यानंतर.

तरीही सामरीवर माझा राग नाही. त्याला खरा मानून कुणी शेजारणीच्या अंगावर धावून गेला नसेल. राग आहे तो 'वीराना' (१९८८) वर. त्यात गाव एका बाईला चेटकीण म्हणून फासावर देतं आणि सिनेमा म्हणतो, बरोबरच केलं. पुढे ती एका पोरीच्या अंगात येते आणि मग पोरीचं देखणं असणं हेच संकट. पडद्याबाहेर 'डाकीण' ठरवून मारलेल्या बायांच्या बातम्या आपण वाचतो. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत काय आहे ते एकदा वाचा: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने, साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं. सिनेमावर त्यात बंदी नाही, आणि नसावीच. पण यातलं बरंच काही आपण पडद्यावर 'उपचार' म्हणून पाहिलेलं असतं.

रामगोपाल वर्माचा 'भूत' (२००३) मला आजही घाबरवतो. वाडा नाही, धुकं नाही, मुंबईतला साधा फ्लॅट. लिफ्टची, रिकाम्या जिन्याची भीती. पण ऊर्मिलाच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञ हात टेकतो आणि मांत्रिक बाई यशस्वी होते, तिथे मी मनातल्या मनात भांडतो. मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३) मध्ये याच्या बरोबर उलट: डॉक्टर पूजेचं सोंग वापरून रोग्याला बरं करतो. त्यावरून आलेल्या हिंदी 'भूल भुलैया'त (२००७) तेच होतं, पण दुसऱ्या भागात (२०२२) भूत खरंच अवतरलं. म्हणजे 'महल'पासून आपण इथवर आलो.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. भूत खरं की खोटं हे मी विचारतच नाही. सिनेमा भीती कुणाची घालतो, ते बघतो.

'तुंबाड' (२०१८) बघा. राही अनिल बर्वेंचा, नारायण धारपांच्या गोष्टीतून स्फुरलेला. हस्तर आहेच, पण कणकेची बाहुली घेऊन खाली उतरणारा विनायक आणि पोराला तेच शिकवणारा बाप जास्त भयंकर. पहिल्या वेळी थिएटरं फार भरली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त कमाई झाली.

आणि आपला मराठी 'लपाछपी' (२०१७). विशाल फुरियांचं दिग्दर्शन, पूजा सावंत, आजूबाजूला नुसता ऊस. विषय स्त्रीभ्रूणहत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली, आणि जवळपास तीस वर्षांनी याच मातीत हा सिनेमा करावा लागला. त्यात माणसांची भीती भुतांपेक्षा जास्त वाटते. याचंच पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) झालं. पाहिला नसेल तर आधी मराठीच बघा, आणि शक्यतो घरातल्या मोठ्यांसोबत बघा.