अंकीय झूम
अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटलेल्या प्रतिमेचा मधला भाग निवडून तो मूळ प्रतिमेच्या आकाराएवढा वाढविण्याच्या क्रियेस अंकीय झूम म्हणतात. प्रकाशीय झूममध्ये भिंगाचे घटक पुढेमागे सरकून केंद्रांतर बदलते व दूरची वस्तू संवेदकावरच मोठी उमटते. अंकीय झूममध्ये भिंग जागचे हलत नाही. दुप्पट झूम केल्यास संवेदकाचा एक चतुर्थांश भागच वापरला जातो, चौपट केल्यास एक सोळांश. उणे पडलेले चित्रघटक शेजारच्या घटकांच्या मूल्यांवरून अंतर्वेशनाने भरून काढतात. चित्र मोठे होते; त्यातील तपशील वाढत नाही.

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी. कॅमेऱ्यांसाठी पहिले झूम भिंग १९५९ मध्ये आले. फ्रँक बॅक यांनी अभिकल्पिलेल्या या फोख्टलेंडर झूमार भिंगाचे केंद्रांतर ३६ ते ८२ मिमी. असे बदलता येई. लहान आटोपशीर कॅमेऱ्यात झूम भिंग येण्यास मात्र १९८६ साल उजाडले. पेंटॅक्स झूम-७० हा तो कॅमेरा होय. तोवर छायाचित्राचा हवा तेवढाच भाग मोठा करण्याचे काम डार्करूममध्ये विवर्धकाखाली होई. अंकीय झूम ही त्याच कामाची आवृत्ती होय. फरक एवढाच की, निर्णय छपाईच्या वेळी न होता कळ दाबतानाच होतो व वगळलेला भाग कायमचा जातो.

पाठीवर द्रवस्फटिक पडदा असलेला कॅसिओ क्यूव्ही-१० हा कॅमेरा १९९५ मध्ये बाजारात आला आणि त्यानंतरच्या दशकात लहान अंकीय कॅमेरे घरोघरी पोहोचले. सरकते भिंग बनविणे खर्चाचे, तर गणन जवळजवळ फुकटचे. त्यामुळे प्रकाशीय तीनपट व अंकीय चौपट यांचा गुणाकार करून ‘बारापट झूम’ अशी जाहिरात करता येई. २० लक्ष चित्रघटकांच्या कॅमेऱ्यात चौपट अंकीय झूम लावल्यास प्रत्यक्ष नोंदलेले घटक केवळ सव्वा लक्ष उरत, हे ग्राहकास सहसा कळत नसे. जाणकार ही सोय बंदच ठेवीत. तथापि ती सर्वस्वी निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. चित्राचे संपीडन होण्यापूर्वीच विस्तार होत असल्याने नंतर संगणकावर कापून वाढविलेल्या चित्रापेक्षा ते कधीकधी किंचित सरस उतरते. सोनीच्या ‘स्मार्ट झूम’सारख्या योजनांत चित्राचा आकारच लहान ठेवून अंतर्वेशन टाळले जाई.

हेच तत्त्व नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू या फोनने २०१२ मध्ये पुढे नेले. त्याच्या संवेदकात ४१ दशलक्ष चित्रघटक होते; अनेक घटकांचा एक घटक करून ५ दशलक्षांचे चित्र घेतले जाई आणि झूम करताना ही शिल्लक वापरली जाई. गूगलच्या पिक्सेल ३ या फोनात (२०१८) हाताच्या नैसर्गिक कंपामुळे किंचित सरकलेल्या अनेक चित्रांच्या मिलाफातून खराखुरा जादा तपशील मिळविण्यात आला. येथे हातातील साध्या उपकरणाच्या गणनाने नोंदीत भर घातली, नुसता अंदाज केला नाही.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केनोशा येथे २०२१ मध्ये चाललेल्या एका हत्येच्या खटल्यात टॅब्लेटवर चित्रफीत बोटांनी मोठी करून दाखविण्यास बचाव पक्षाने हरकत घेतली. विस्तारताना यंत्र मुळात नसलेले घटक घालते, असा त्याचा मुद्दा होता. तसे होत नाही हे पटवून देण्याची जबाबदारी न्यायाधीशांनी अभियोग पक्षावर टाकली.