बधन्याचं माप

मलिक अंबर म्हटलं की आपल्याला गनिमी कावा आठवतो, भातवडीची लढाई आठवते, फार तर जमीनमहसुलाची पद्धत आठवते. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि जहांगिराच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवणारा हा माणूस पाण्याचाही जाणकार होता, हे आम्ही इतिहास शिकवणारेही एका वाक्यात उरकतो.

1610 मध्ये त्यानं खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. जागा लष्करी दृष्टीनं चांगली, पण पाण्याच्या दृष्टीनं अवघड. खाम नदी आहे खरी, पण पावसाळा सरला की तिच्यावर राजधानी पोसता येत नाही. मग अंबरनं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारावर जमिनीखालून नहर खोदवली. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि मुरूम-खडकातून हळूहळू खाली सरकत राहतं. नहर ते झिरपणारं पाणी गोळा करते आणि अगदी मंद उतारानं शहराकडे आणते. वाटेत ठराविक अंतरावर उभे झरोके होते. हवा खेळती राहावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून ते ठेवलेले. शहरात आल्यावर खापराच्या नळांतून पाणी हौदांमध्ये जायचं. ना मोट, ना बैल. सगळं काम उताराचं.

गंमत अशी की जवळजवळ त्याच वर्षांत, 1615 च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखाना हेच करवून घेत होता. तिथला कुंडी भंडारा आजही वाहतो आहे. खानखाना म्हणजे अंबरचा रणांगणावरचा शत्रू. एकमेकांच्या फौजा कापणारे हे दोघे इराणी करेजच्या एकाच विद्येनं आपापल्या शहरांना पाणी पाजत होते. कोणाचा झेंडा कुठवर गेला याचे नकाशे आपण मुलांकडून भरून घेतो. या नहरींचा नकाशा मात्र परीक्षेला येत नाही.

नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातली पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली असते. सहलीला गेलेली मुलं तिथल्या हौदात पडणारा पाण्याचा पडदा बघतात आणि फोटो काढतात. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहीत येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायला ते पाणी जात्याचं चाक फिरवत होतं. मग तेच पाणी हौदात जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहायचं. एकाच पाण्याकडून दळण, गारवा आणि वजू अशी तीन कामं.

मला या सगळ्यात कारागिरीपेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. नहरीला माप होतं. डोंगरात मुरेल तेवढंच ती देणार. पाऊस कमी झाला की धार बारीक व्हायची आणि ती बारीक झालेली धार चौकातल्या हौदावर सगळ्यांना दिसायची. कोणी फतवा काढायची किंवा दवंडी पिटायची गरज नव्हती.

मशिदीतही असंच माप होतं. आपल्याकडच्या जुन्या मशिदींचे हौद पाहा. हनफी फिकहमध्ये ‘दह दर दह’, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदाला मोठं पाणी मानलं जातं. त्यातून अनेकांनी वजू केली तरी ते नापाक होत नाही. लोक काठावर बसून ओंजळीनं पाणी घेत आणि वापरलेलं पाणी काठाच्या नालीत पडे. घरी टोंटीचा बधना असायचा. माझी दादी बधनाभर पाण्यात वजू पुरी करून उरलेलं पाणी मेंदीच्या झाडाला घालायची. तिला ‘पर्यावरण’ हा शब्द ठाऊक नव्हता. तिच्या लेखी ते इस्राफ टाळणं होतं, उधळपट्टी न करणं.

हे मापही खूप जुनं आहे. हजरत अनस यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद पाण्यात वजू करत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या हिशोबानं पाऊण ते एक लिटर धरा. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी वाया घालवू नये, ही इब्ने माजामधली रिवायत वाजांत वारंवार ऐकू येते. तिची सनद कमजोर असल्याचं हदीसचे जाणकार सांगतात. सांगोत बापडे. मुदची हदीस तर पक्की आहे, आणि ती जास्त अडचणीची आहे, कारण तिच्यात उपदेश नाही, आकडा आहे.

तो आकडा घेऊन मी एकदा वर्गातल्या मुलांना घरी मोजायला सांगितलं होतं. नळाखाली बादली ठेवायची, रोजच्यासारखी वजू करायची आणि बादलीतलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजायचं. कोणाच्या पाच बाटल्या भरल्या, कोणाच्या सात. एका मुलीनं विचारलं, “सर, मग ही सुन्नत झाली का?” मी तिला साअ आणि मुदची गणितं फळ्यावर मांडून दिली.

विसाव्या शतकात शहरांना नळ आले, ही मोठी सोय झाली. विशेषतः बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, आणि जुन्या काळाचे गोडवे गाताना हे विसरणारे लोक मला पटत नाहीत. पण नळाबरोबर माप गेलं. जायकवाडीचं पाणी विजेच्या पंपांनी चढवून शहरात येऊ लागलं, तसं नहरींकडे बघणारं कोणी उरलं नाही. झरोक्यांवर घरं उभी राहिली, कुठे सांडपाणी आत शिरलं, कुठे खापराचे नळ रस्त्याच्या कामात फुटले. एवढं मोठं धरण असूनही त्याच शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि लोक टँकरची वाट पाहतात. मशिदीत मात्र बोअर आहे, म्हणून नळ सुटलेले.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत दोन वर्षांपूर्वी हा विषय निघाला. काही तरुणांचं म्हणणं होतं की दाबून सोडायचे नळ बसवावेत आणि वजूचं पाणी गटारात न घालता शोषखड्ड्यात घ्यावं. एक बुजुर्ग नाराज झाले. “अल्लाहच्या घरात पाण्याचा हिशोब?” अखेर इमामसाहेबांनी फिकहचाच आधार घेतला. वजूत वापरलेलं पाणी मा-ए-मुस्तामल. हनफी मतानुसार त्यानं पुन्हा वजू होत नाही, पण ते पाक असतं. झाडांना घाला, जमिनीत मुरवा. त्यात साबणही नसतो, मग ते गटारात का जावं?

नळांचा खर्च जास्त म्हणून तो मुद्दा अजून कमिटीपुढेच आहे. खड्डा मात्र झाला. विटांचे तुकडे, वर खडी, वर वाळू. दर जुम्म्यानंतर दोन मुलं जाळीत अडकलेला कचरा काढतात. बुजुर्गांनी कुठूनतरी दोन जुने तांब्याचे बधने आणून वजूखान्यात ठेवलेत. आतापर्यंत ते स्वतःच वापरतात.