तळटीप : ‘एकवीस नंबर’

१४. ‘एकवीस नंबर’ : हा उल्लेख बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते (१९३४–१९७२) यांचा; एकवीस हा त्यांच्या जर्सीचा क्रमांक. जन्म प्वेर्तो रिकोतल्या कारोलिना इथला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये १९५५ ते १९७२ अशी १८ वर्षे ते पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून खेळले. चार वेळा सर्वोत्तम फलंदाजी सरासरी आणि क्षेत्ररक्षणासाठी १२ ‘गोल्ड ग्लोव्ह’ त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या छायाचित्रांच्या कार्डांवर ‘बॉब’ छापले जाई; ते मात्र ‘रोबेर्तो’च म्हणा, असे बजावत.

पुढच्या परिच्छेदातील ‘तीन हजार’ म्हणजे धावा नव्हेत. चेंडू टोलवून फलंदाज निदान पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोहोचला की ती ‘हिट’. क्लेमेंतेंची तीन हजारावी हिट ३० सप्टेंबर १९७२ची, आणि साखळी सामन्यांतली तीच शेवटची. त्याच डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत वाटेतच लाटली जाते असे कानावर आल्याने ते स्वतः निघाले. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून उडालेले, सामानाने वाजवीपेक्षा जास्त लादलेले विमान समुद्रात कोसळले. त्यांचा मृतदेह मिळाला नाही. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी असलेली, खेळ सोडल्यावर पाच वर्षे थांबण्याची अट बाजूला ठेवून १९७३ साली त्यांना तो मान देण्यात आला. लेखकाने पुढे ‘समुद्राने ठेवून घेतला’ म्हटले आहे, ते मृतदेह न मिळाल्याच्या अर्थाने. — संपा.